चाकोरीच्या मापाची चाकं

जीपची चाकं मीच निवडतो, असं मी म्हणालो तेव्हा रुख्मिणी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मला वाटलं, कौतुकानं थांबला. (लग्नाला नऊ वर्षं झाली, पण या एका बाबतीत मी अजून सुधारलेलो नाही.)

“तुमी निवडनार?”

“हो. का?”

“न्हाई, मागं पावसाळी चपला तुमीच निवडल्या व्हत्या. दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या.”

चपला घाईत घेतल्या होत्या. चाकांचं तसं नव्हतं. चाकांमागं माझा विचार होता, आणि तोही चांगला सहा दिवसांचा.

मी दिनकरराव, पूर्णा जंक्शनात गुड्स क्लार्क. गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. रुख्मिणीचं माहेर हिवरटाकळी, पूर्ण्यापासून बारा मैल. त्यातले चार मैल सडक आणि आठ मैल काळी माती. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चालत्या माणसाच्या पायातलं पायताण काढून घेते. जून लागला की दसऱ्यापर्यंत हिवरटाकळीला बैलगाडीशिवाय काही जात नाही, आणि बैलगाडीनं जायला एक दिवस, यायला एक दिवस. मला रजा मिळते दोन दिवस. मग पंचमी रस्त्यातच साजरी करायची की काय?

पंचमीसाठी बाईला माहेरी जायचं असतं. झोका असतो, मैत्रिणी असतात, रात्रभराची गाणी असतात. रुख्मिणीच्या तीन पंचम्या हुकल्या होत्या. एकाहत्तर साली मला रजा मिळाली नाही. बहात्तर साली दुष्काळ. रस्ता खडखडीत कोरडा होता, पण झोका बांधायचं कुणाचं मन नव्हतं. त्र्याहत्तर साली भाऊ गाडी घेऊन न्यायला निघाला, निम्म्या वाटेत बैल बसला आणि तो तिथूनच परत गेला. त्या दिवशी ती पिशवी भरून ओट्यावर बसली होती. संध्याकाळी उठली आणि पिशवीतली लुगडी पुन्हा दोरीवर टाकली. मला ते फार लागलं होतं.

या वर्षी तिनं आधीच सांगून टाकलं, “पंचमीला न्यायचं आसंल तर न्या. न्हाई तर आखाडातच भावाच्या गाडीनं जाते आन दसऱ्याला येते.”

आषाढ ते दसरा मी एकटा, आणि स्वयंपाकघरात स्टोव्ह! मी त्याच आठवड्यात पेडगावला मामांकडे गेलो. मामांनी, म्हणजे आबासाहेबांनी, मिलिटरीच्या लिलावात एक जीप घेतली होती. आता त्यांना डोळ्यांनी दिसत नसल्यामुळे ती गोठ्याशेजारी उभी असायची आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

“ने जीप,” मामा म्हणाले. “पर चाकं तुझी तू बघ. हायेत त्या टायरांवर माझ्या टाळूइतकं बी काई राह्यलं न्हाई.”

इथून माझा विचार सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मालधक्क्यावर बसलो होतो. समोर ज्वारीच्या गाड्या येत होत्या, चिखल गुडघाभर. पण प्रत्येक गाडीची चाकं त्याच दोन चाकोऱ्यांतून येत होती. चाकोरीच्या तळाला माती दाबून दाबून सिमेंटसारखी झालेली. एक गाडीवान तर झोपला होता आणि तरी गाडी सरळ धक्क्याला लागली. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, हे तर रूळ आहेत! आणि चाकांमधलं अंतर रुळांच्या अंतराशी जुळलं की गाडी पळते, हे रेल्वेच्या माणसाला कुणी सांगायला पाहिजे का?

मी ऑफिसातला टेप घेतला आणि धक्क्यावरच्या बारा गाड्यांची चाकं मोजली. या चाकाच्या मध्यापासून त्या चाकाच्या मध्यापर्यंत बरोबर साडेचार फूट. आमच्या भागातले सुतार आस एकाच मापाचा करतात, नाहीतर गाडी चाकोरीत बसणार कशी? (एक गाडीवान मात्र चिडला. “माझ्या गाडीचं माप काहून घ्यायलाव? जप्ती हाय का?” त्याला चहा पाजावा लागला.) मग पेडगावला जाऊन जीप मोजली. चार फूट एक इंच. म्हणजे जीपला दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच इंच बाहेर निघणारी चाकं बसवली की झालं. हिवरटाकळी स्टेशन!

चाकं हैदराबादेत, जुन्या बाजारात मिळतील असं समजलं. पण चाक म्हणजे बांगडी नव्हे, की गेली हातात की झालं. चाकाला मध्ये बोल्टची भोकं असतात. ती गाडीच्या बोल्टांशी केसभरही इकडेतिकडे चालत नाहीत. जीपला पाच बोल्ट. त्यांचं माप कशावर घ्यावं? जीप दारात आणली होती आणि घरात परातीत कणीक मळलेली होती. मी गोळा घेतला, हबवर दाबला, पाचही बोल्टांचे सुंदर ठसे उमटले. ते पुठ्ठ्यावर उतरवून घेतले आणि कणीक परत परातीत ठेवून दिली.

“आवो, कनकीत ही पाच भोकं कुनी पाडली?” आतून आवाज आला.

मी ऐकू आलं नाही असं केलं. त्या दिवशीच्या पोळ्यांना ग्रीसचा वास होता. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि वर छान झाल्यात असंही म्हणालो.

पुठ्ठा घेऊन रेल्वेच्या पासावर हैदराबादला गेलो. दुकानदारानं पुठ्ठा उलटसुलट पाहिला. एका मिलिटरी ट्रेलरची चार चाकं दाखवली. पाच भोकं, पुठ्ठ्याला तंतोतंत. चाकाची मधली बशी आत दबलेली, त्यामुळे चाक आपोआप बाहेर निघणार. टायर अरुंद आणि दातेरी, अगदी चाकोरीत उतरतील असे. मी मोजलं. अडीच इंच! मला इतका आनंद झाला की मी दुकानदाराचा हात दाबला.

“जीप कू नक्को लगाव साब,” तो म्हणाला. “चाकां मडगार्ड के बाहर आतें.”

“मेरे कू वहीच होना,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं, पण चाकं बांधून दिली.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. रुख्मिणीचा भावासाठी उपास होता. हिरवं लुगडं, डोक्यात शेवंती, मांडीवर पिशवी. तीन वर्षांनी तिचा असा चेहरा मी पाहत होतो. सडक संपेपर्यंत मी तिला मीटरगेज आणि ब्रॉडगेज समजावून सांगितलं. तिनंही ऐकून घेतलं, यावरून ती किती खूश होती ते कळावं.

सडक संपली. समोर काळं शिवार आणि त्यातून गेलेल्या दोन चाकोऱ्या. दोन दिवस पावसानं उघडीप दिली होती. मी देवाचं नाव घेऊन जीप खाली घातली. चारही चाकं चाकोरीत अशी बसली की मला गहिवरून आलं. जीप पळू लागली. ना घसरणं, ना रुतणं.

“बघ,” मी म्हणालो आणि दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढून छातीवर घडी घातली.

“आवो, धरा ते!”

“धरायची गरजच नाही. ही आता आपोआप जाणार.”

रुख्मिणी आधी घाबरली, मग हसायला लागली. मग तिनंही हात लावून पाहिला. मी तंबाखू मळली. (मडगार्डाच्या बाहेर आलेली चाकं चिखलाची एक धार सतत वर फेकत होती आणि ती बरोबर माझ्या डाव्या कानावर पडत होती. पण एवढ्या मोठ्या शोधापुढे एक कान म्हणजे काय!) पाच मैल आम्ही असे गेलो. रुख्मिणी पंचमीचं गाणं गुणगुणत होती आणि मी मनातल्या मनात रेल्वे बोर्डापुढे भाषण करत होतो.

मग बाभळीचं झाड आलं. तिथं वाट फुटते. डावीकडे हिवरटाकळी, उजवीकडे उखळवाडी. मी हातांची घडी सोडली आणि स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. जीप उजवीकडे निघाली.

“आवो, आपलं गाव डावीकडं हाय!”

“मी डावीकडंच वळवतोय!”

“डावं म्हंजे कोनतं ते ठावं हाय ना?”

माझं स्टेअरिंग पूर्ण डावीकडे होतं. पुढची चाकंही बिचारी डावीकडे तोंड करून होती, पण चाकोरी आता हातभर खोल झाली होती आणि तिच्या भिंतीला घासत घासत ती उजवीकडे चालली होती. जीपचं पोट मधल्या वरंब्यावर सरपटत होतं. उखळवाडीच्या गाड्यांनी त्या आठवड्यात खताच्या खेपा केल्या होत्या, म्हणून तिकडची चाकोरी खोल. आणि आत्ता कुठं माझ्या लक्षात आलं, की रेल्वेत गाडीला रूळ बदलायचा असला तर सांधा लागतो, सांधेवाला लागतो, आणि तो हिरवी झेंडी दाखवतो. इथं बाभळीखाली एक खार तेवढी होती.

मागं घेतली. पुन्हा जोरात डावीकडे. चाक वीतभर वर चढलं, थांबलं, आणि घसरून परत आपल्या जागी जाऊन बसलं. तीनदा केलं. चौथ्यांदा चारही चाकांची ताकद लावायचा तो दुसरा दांडा ओढला. जीप गुरगुरली, सगळा चिखल माझ्या दुसऱ्या कानावर उडाला आणि आम्ही आणखी चार बोटं खाली गेलो.

“आता?” रुख्मिणी म्हणाली. तिचं गाणं थांबलं होतं.

“थांबलो तर रुतू. पुढं कुठं चाकोरी उथळ लागली की वळवून घेतो.”

चाकोरी उथळ झाली नाही. ती शेतांतून गेली, एका ओघळीतून गेली, आणि दीड मैलावर एका आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीच्या, फाटकातून आत शिरून कडब्याच्या गंजीशी संपली. जीपनंही गंजीत तोंड खुपसलं आणि ती बंद पडली. पिवळा फेटा बांधलेला एक धिप्पाड गृहस्थ बैल धुवायचे टाकून आला. त्यानं आधी चाकं पाहिली, मग मला, मग रुख्मिणीला.

“तात्यारावाची रुख्मिणी न्हवं तू?”

रुख्मिणीनं पदर पुढं ओढला. “व्हय.”

“म्या बन्सीधर. उखळवाडीचा.”

पुढचं मला तिनं हळू आवाजात सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी हा तिला पाहायला आला होता. चाळीस एकर जमीन, आठ बैल, सगळं पसंत होतं. पण सासऱ्यांना जावई नोकरीवालाच पाहिजे होता. तो नोकरीवाला जावई आता कडब्यात बसला होता आणि त्याच्या दोन्ही कानांतून चिखल ओघळत होता.

बन्सीधर मोठ्या मनाचा माणूस. एका शब्दानं हसला नाही. (तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं.) त्याच्या बायकोनं, कमलबाईनं, रुख्मिणीला उपासाची भगर आणि दूध दिलं, मला गरम पाणी दिलं. मी तोंड धुऊन आलो तेव्हा रुख्मिणी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, गेल्या वर्षी ओट्यावर बसली होती अगदी तशीच.

“ह्या सालीबी न्हाई व्हायचं का?” तिनं विचारलं.

मी पुन्हा एकदा कान पुसले. बन्सीधरच म्हणाला, “काहून न्हाई व्हनार? दिवस मावळायच्या आत झोका दिसंल तुला.”

त्यानं चार बैल आणले आणि कासऱ्यानं जीपच्या बंपरला जुंपले. बाभळीपाशी आल्यावर बैलांना नुसतं “हैक” म्हणाला. बैल वळले, चाकोरीतून खेचून जीप वर आली आणि शहाण्यासारखी हिवरटाकळीच्या चाकोरीत उतरली. इंजीन बंद, बैल पुढं, मी स्टेअरिंग धरून. काहीतरी धरायला पाहिजे म्हणून धरलं होतं. बन्सीधर बाजूनं चालत होता आणि त्याची नजर चाकांवरून हटत नव्हती. मध्येच वाकून बघायचा, हात लावायचा, पुन्हा चालायचा.

“ही चाकं कुनी धुंडली, दिनकरराव?”

“मीच,” मी पडत्या आवाजात म्हणालो.

“लय हलकी चालायलीत. चौघांचं कामच न्हाई, दोन बैल पुरे.” आणि त्यानं खरोखरच दोन बैल सोडले.

हिवरटाकळीच्या वेशीत निम्मं गाव उभं होतं. सासरे तात्याराव सगळ्यांच्या पुढे. त्यांनी जीपकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, बैलांच्या मालकाकडे पाहिलं, आणि नऊ वर्षांपूर्वीचा निर्णय मनात पुन्हा एकदा तपासून पाहिला असावा असं मला वाटलं.

“या,” ते एवढंच म्हणाले.

पण रुख्मिणी! तिनं कुणाकडे पाहिलंच नाही. पिशवी माझ्या हातात कोंबली आणि लहान पोरीसारखी पळत झोका बांधलेल्या लिंबाकडे गेली. तिच्या चार मैत्रिणी आधीच आल्या होत्या. त्यांचा आरडाओरडा ऐकला आणि मला चिखल, कडबा, सासऱ्यांची नजर, सगळं माफ झाल्यासारखं वाटलं.

पंचमीच्या दिवशी दुपारी बन्सीधर पुन्हा आला, टायरची बैलगाडी घेऊन. हीसुद्धा एक गोष्टच होती. त्यानं दोन वर्षांपूर्वी भंगारातून जीपचा आस आणून त्यावर गाडी बांधली होती. आस जीपचा, तेव्हा चाकांचं अंतर चार फूट एक इंच. एक चाक चाकोरीत, दुसरं वरंब्यावर. गाडी सदा कलती, बैल हैराण, आणि गाव हसायचं.

“दोन सालापासून ह्याच मापाची चाकं धुंडायलोय,” तो म्हणाला. “तुमची दोन लावून बघू का?”

पंचमीला नांगरू नये, खणू नये, चिरू नये. पण नट खोलू नये असं कुठल्याच कहाणीत नाही. चाकं चढली. पाचही बोल्ट लोण्यात शिरावे तसे शिरले. गाडी चाकोरीत उतरली आणि डुलतसुद्धा न डुलता वेशीपर्यंत जाऊन आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी चाकावर हात फिरवला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“जावई,” ते म्हणाले, “डोकं हाय तुमाला.”

मी विरघळलो. त्या भरात दोन चाकं बन्सीधरला दिवाळीपर्यंत देऊन टाकली. उरलेल्या दोन चाकांचं सासऱ्यांनी विचारलं नाही, नुसती काढून घेतली. तसलाच आस मिळाला की त्यांनाही तशीच गाडी बांधायची होती. जीप चार दगडांवर उभी राहिली. मामांना काय सांगायचं ते मी नंतर बघणार होतो.

“अशी जीप एकटी कशी सोडायची?” रुख्मिणी रात्री जेवताना म्हणाली. “पोरं हॉर्न वाजवून वाजवून मोडतील. म्या ऱ्हाते पंधरा दिवस ध्यान द्यायला.”

झोक्यानं तिचे गाल लाल झाले होते, आवाज बसला होता. ‘स्टोव्हचं काय?’ हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी ते गिळलं आणि वरून दूध प्यायलो.

दुसऱ्या दिवशी मला बाराची ड्युटी. बन्सीधरनं पहाटेच गाडी पाठवली, सडकेपर्यंत सोडायला. हाकायला त्याचा सालगडी सटवाजी. तो पंचमीला आपल्या गावी गेला होता आणि रात्री उशिरा परतला होता, त्यामुळे झालेलं सगळं त्यानं नुसतं ऐकलेलं. मला पाहिलेलं नव्हतं. मालकानं ‘वेशीतल्या पाव्हन्याला सडकंला सोड’ एवढंच सांगितलेलं. मी माझ्याच चाकांवर, कडब्याच्या पेंढीवर बसून निघालो. थंड वारा होता, गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालली होती, आणि मी अगदी समाधानात होतो.

“चाकं बघितली का, पाव्हनं?” सटवाजी म्हणाला. “ही चाकं ज्यानं निवडली ना, त्येच्या पाया पडावं वाटतंय. अडीच इंच! ना कमी ना जास्त. असा कारागीर आपल्या जिल्ह्यात न्हाई बगा.”

माझी छाती फुगली. आता नाव सांगावं म्हणून मी घसा साफ केला.

“आन त्यो तात्यारावाचा जावई!” सटवाजीला हसू आवरेना. “म्हनं येवढी नामी चाकं, ती ह्या येड्यानं जीपला लावली! गाव डावीकडं, ह्यो निघाला उजवीकडं. आन हाताची घडी घालून! तुमी वळखता का त्येला?”

मी विचार केला. कारागिराची ओळख द्यायची तर जावयाचीही द्यावी लागणार होती.

“तोंडओळख आहे,” मी म्हणालो. “वेडाच आहे तो.”

सटवाजीनं वळून माझ्याकडे मोठ्या आदरानं पाहिलं.

“शिकल्याल्या मानसाचं ह्येच आसतंय,” तो म्हणाला. “येडं मानूस लगेच वळखू येतंय त्येला.”